एकाच सिलिंडरचा एक्झॉस्ट वाल्व पुन्हा पुन्हा का जळतो?

दर्यापूर तालुक्यातल्या एका शेतकरी भावाने विचारलंय. त्यांच्याकडे तीन सिलिंडरचा, ३५ हॉर्सपॉवरचा, जवळजवळ तीस वर्षं जुना ट्रॅक्टर आहे. दोन वर्षांत तीनदा हेड (इंजिनाचा वरचा, वाल्व बसवलेला भाग) उतरवलं आणि तिन्ही वेळा मागच्या, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वाल्व (धूर बाहेर सोडणारा) जळालेला निघाला. दर वेळी नवा वाल्व, ग्राइंडिंग, नवं गॅस्केट झालं. दोन-तीन महिने बरं चालतं, मग सकाळी सुरू व्हायला त्रास, रोटाव्हेटरला ओढ कमी आणि सायलेन्सरमधून फस्-फस् आवाज. आता मेकॅनिक म्हणतो हेडच बदला. ‘हेड बदलू, की ट्रॅक्टरच विकून टाकू?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

भाऊ, आत्ता यातलं काहीच करू नका. तीनदा वाल्व बदलला गेला, पण तो का जळतो हे एकदाही शोधलं गेलं नाही, असं तुमच्या सांगण्यावरून दिसतं. ते कारण ब्लॉकमध्ये, रेडिएटरमध्ये किंवा डिझेलच्या पंपात असेल तर नवं हेडसुद्धा तुम्हाला एक हंगाम देईल आणि पुन्हा तिथेच आणून ठेवेल.

मी मूर्तिजापूरकडे तीस वर्षं ट्रॅक्टरची इंजिनं खोलतोय. तरी हे न पाहता लिहितोय, हे लक्षात ठेवा. कोणतं इंजिन, किती तास चाललं, कुठलं पाणी घालता, हडंब्यावर (मळणी यंत्रावर) किती चालवता, हेडला आधीच तडा आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. पण एक गोष्ट तुम्ही फार मोलाची सांगितलीत: दर वेळी तोच सिलिंडर आणि तोच वाल्व. तपास तिथूनच सुरू करायचा.

वाल्व डुप्लिकेट असते तर आज एक जळाला असता, उद्या दुसरा. धूळ आत जात असती तर आधी इनलेट वाल्व (हवा आत घेणारे) आणि त्यांच्या सीटा (वाल्व टेकतात त्या जागा) झिजल्या असत्या, कारण धूळ तिकडूनच येते. सगळं इंजिन सारखंच तापत असतं तर तिन्ही एक्झॉस्ट वाल्वांवर खुणा दिसल्या असत्या. इथे दोन सिलिंडर ठीक आहेत आणि एकच मरतोय. म्हणजे त्या एका जागेवर काहीतरी वेगळं घडतंय.

एक्झॉस्ट वाल्व कसा जगतो ते आधी समजून घ्या. पूर्ण लोडवर त्याचं डोकं सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापतं. तरी तो वितळत नाही, कारण प्रत्येक फेरीत तो सीटवर टेकतो आणि टेकलेल्या वेळात आपली उष्णता सीटला देतो. बरीचशी उष्णता अशी सीटमधून जाते, उरलेली थोडी दांड्यातून गाइडमध्ये (दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यात). सीटकडून ती हेडच्या लोखंडात जाते आणि तिथून पाण्यात. ही साखळी कुठेही तुटली की वाल्वची कड लाल होते, मग तिथून गॅस निसटतो आणि तो गॅस गॅस-कटरसारखा कड कापत नेतो. आपण पाहतो तो शेवट असतो. साखळी कुठे तुटली ते शोधायचं असतं.

तुमच्या भागात मी सगळ्यात आधी पाण्याकडे बघेन. तुम्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहात. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या त्या पट्ट्यातलं विहिरीचं आणि बोअरचं पाणी कसं आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. प्यायला माणूस आरओचा जार आणतो, आणि ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये मात्र हौदातली बादली ओततो. रेडिएटरमधून वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी. क्षार मागेच राहतात. वर आपण पुन्हा खारंच पाणी भरतो, म्हणजे आणखी क्षार. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर असताना, हडंब्यावर दिवसभर उभा ट्रॅक्टर चालवून रोज दोन-तीन लिटर पाणी घालावं लागत असेल, तर वर्षभरात आत किती थर बसत असेल याचा अंदाज करा.

आणि हा थर सगळीकडे सारखा बसत नाही. पाण्याचा पंप पुढे असतो, पहिल्या सिलिंडरजवळ. मागे पोचेपर्यंत पाण्याचा जोर कमी होतो, म्हणून गाळ आणि गंज ब्लॉकच्या मागच्या भागात साचतो. क्षाराचा कडक थर तिथे बसतो जिथे लोखंड सगळ्यात गरम असतं, म्हणजे एक्झॉस्ट सीटच्या मागे आणि दोन वाल्वांच्या मधल्या अरुंद वाटेत. चुन्यासारखा हा थर उष्णता अडवतो. मग सीट गरम राहते आणि तिच्यावर टेकणाऱ्या वाल्वला उष्णता द्यायला जागाच उरत नाही. मीटरचा काटा मात्र हिरव्यात असू शकतो, कारण मीटर पाण्याचं तापमान सांगतो, सीटचं सांगत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. गॅरेज सुरू करून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा एका गृहस्थांचा ट्रॅक्टर दीड वर्षात तीनदा माझ्याकडे आला. मागच्याच सिलिंडरचा एक्झॉस्ट, अगदी तुमच्यासारखा. तिन्ही वेळा मी मन लावून ग्राइंडिंग केलं, डिझेल टाकून गळती तपासली आणि इंजिन बांधून दिलं. तिसऱ्यांदा आला तो तुरीच्या हंगामात. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘आता किती दिवस चालेल?’ मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी हेडच्या अंगावरच्या पत्र्याच्या गोल टोप्या काढल्या आणि आत तार घातली. पहिल्या सिलिंडरपाशी तार आरपार गेली. तिसऱ्यापाशी बोटभर जाऊन अडली. पोखरून काढलं तर भिंतीवरच्या पोपड्यांसारखे पांढरे-तांबूस पापुद्रे ओंजळभर निघाले. हेड साफ केलं, ब्लॉक साफ केला, तोच वाल्व पुन्हा ग्राइंड करून लावला. मी त्यांना बोललो ते एवढंच, की यापुढे बोअरचं पाणी घालू नका. त्या ट्रॅक्टरचं हेड त्यानंतर कितीतरी वर्षं उतरलं नाही. मी आधीच तार घातली असती तर त्या माणसाचे दोन हंगाम वाचले असते, ही खंत अजून मनात आहे.

म्हणून हेड उतरवण्याआधी घरच्या घरी एक गोष्ट करा. इंजिन पूर्ण गार असताना ब्लॉकच्या बाजूचा पाणी सोडायचा कॉक उघडा. नुसता रेडिएटरखालचा नव्हे, ब्लॉकचा. चांगली धार आली पाहिजे. थेंब थेंब आलं किंवा काहीच आलं नाही, तर तार घालून पोखरा आणि काय बाहेर येतं ते बघा. चिखलासारखा तांबडा गाळ आला तर तुमचं निम्मं उत्तर मिळालं. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला (ताप बघायचा नव्हे, कारखान्यात वापरतात तो) तर इंजिन लोडवर गरम करून पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरजवळ हेडच्या अंगावर सारख्याच जागी मोजा. मागे ठळकपणे जास्त निघालं तर शंका पक्की होते.

थर्मोस्टॅट काढून टाकलाय का, तेही बघा. आपल्याकडे गरम होतंय म्हटलं की पहिल्यांदा तोच काढतात. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आडवाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि काही पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतं. म्हणजे थंड करायला काढला आणि लोडवर उलटंच झालं. रेडिएटरच्या जाळीत सोयाबीनचं कुटार (भुसा) बसलेलं असतं, ते इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने हवा किंवा पाणी मारून काढा. पुढून मारलं तर ते आणखी आत रुततं.

दुसरी मोठी शंका टॅपेटची, म्हणजे वाल्वचा दांडा आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातल्या गॅपची. शेतकरी गॅरेजमध्ये येतो आणि म्हणतो, टकटक आवाज येतो, तेवढा बंद करून द्या. मेकॅनिकही गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून टॅपेट घट्ट करतो. आवाज जातो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि तिथून वाल्व जळायला सुरुवात होते. वाल्व तापला की त्याचा दांडा लांब होतो. त्याला वाढायला जागा हवी म्हणूनच गॅप ठेवलेली असते. ती नसेल तर गरम झाल्यावर वाल्व सीटवर पूर्ण बसत नाही, केसाएवढा उघडा राहतो. मग वरची सगळी साखळी तुटलीच. थोडा सैल टॅपेट आवाज करतो आणि आपल्याला सांगतो, घट्ट टॅपेट गप्प बसून वाल्व खातो.

यात एक गोष्ट फार लोक विसरतात. ग्राइंड केलेला वाल्व सीटवर बसत बसत थोडा आणखी आत जातो. नवं गॅस्केटही पहिल्या उष्णतेत दबतं आणि हेड किंचित खाली येतं. दोन्हींमुळे गॅप कमीच होते. म्हणजे आज तुम्ही बरोबर लावलेला टॅपेट आठवड्याने घट्ट झालेला असतो. तुमच्या तिन्ही वेळच्या कामानंतर दहा-वीस तासांनी कोणी झाकण काढून टॅपेट पुन्हा तपासला होता का? नसेल, तर दोन-तीन महिन्यांनी वाल्व जाण्यात मला नवल वाटत नाही.

आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातलाच धरा, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा नको. पर्किन्सच्या घराण्यातल्या तीन सिलिंडरच्या जुन्या इंजिनांना गार असताना ०.३० आणि गरम असताना ०.२५ मिलिमीटर अशी गॅप आहे. दुसऱ्या बनावटीत ती वेगळी असते. लावताना इंजिन हाताने फिरवा. त्या सिलिंडरचा इनलेट उघडून पूर्ण मिटला की साधारण अर्धा फेरा पुढे न्या. आता दोन्ही पुश रॉड (रॉकरला खालून ढकलणारे दांडे) बोटांनी सैल फिरायला हवेत. तिथे दोन्ही वाल्व लावा, मग पुढच्या सिलिंडरकडे जा.

फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) कधी कधी खोटं बोलतं, हेही सांगून ठेवतो. रॉकरचं तोंड वाल्वच्या दांड्यावर आपटून आपटून तिथे खड्डा पडतो. गेजची पट्टी त्या खड्ड्यावरून पुलासारखी जाते. तुम्हाला ०.३० वाटतं, प्रत्यक्षात गॅप त्याहून जास्त असते. म्हणून आवाज जात नाही, आणि मग वैतागून कोणीतरी अंदाजाने आवळतो. रॉकर काढून तोंडावर नख फिरवा. खड्डा लागला तर आधी तो घासून सरळ करून घ्या, नाहीतर रॉकर बदला. तोवर मोजण्यात अर्थ नाही.

तिसरी शंका नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं) आणि डिझेलचा पंप. तिसऱ्या सिलिंडरचं नोझल नीट फवारा न मारता थेंब टाकत असेल, तर डिझेल उशिरा जळतं आणि वाल्व उघडेपर्यंत आग चालूच राहते. वाल्वभोवती निळी-लाल ज्वाळाच फिरते म्हणा. ओळखायचं सोपं आहे. तिसऱ्याचं आणि पहिल्याचं नोझल आपसांत बदला आणि एक हंगाम चालवा. त्रास पहिल्याकडे सरकला तर गुन्हेगार सापडला. पण एक हंगाम थांबण्यापेक्षा तिन्ही नोझल टेस्टरवर लावून बघितलेली बरी, अमरावती-अकोल्यात पंपवाले तेवढ्यात सांगतात. टेस्टरवर फवाऱ्यासमोर हात नेऊ नका, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि ते दवाखान्याचं काम होतं.

पंप वाढवून घेतलाय का, तेही खरं खरं आठवा. ३५ हॉर्सपॉवरला मोठा रोटाव्हेटर लावला की ओढ कमी पडते, मग कोणीतरी पंपाचा स्क्रू फिरवून देतो. ओढ वाढते, काळा धूर वाढतो आणि सायलेन्सरची उष्णताही वाढते. सगळ्यात आधी तो सिलिंडर जातो ज्याचं पाणी आधीच कमी आहे. म्हणूनच मी म्हणतो की कारण एकच असेल असं नाही. पाणी कमी, टॅपेट घट्ट आणि पंप वाढलेला, असं तिन्ही मिळून एका वाल्ववर येतं. मी पाहिलेल्या बऱ्याच वारंवारच्या केसेस अशाच निघाल्या.

हवेच्या फिल्टरबद्दल थोडक्यात. तुमचा त्रास त्यातून नाही असं मला वाटतं, पण ऑइल बाथ फिल्टरचं ऑइल हडंब्याच्या दिवसांत रोज बघा. इंजिन चालू असताना हवेचं तोंड लाकडी फळीने झाका. इंजिन बंद पडायला हवं. पडत नसेल तर फिल्टरनंतर कुठेतरी रबर फाटलंय आणि तिथून वावरातली माती सरळ आत जातेय.

आता तपासाचा क्रम. हेड लगेच उतरवू नका. आधी खरंच तिसराच वाल्व गळतोय का ते बघा. इंजिन हळू चालू असताना एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा ढिला करा, तोंड आणि हात दूर ठेवून. ज्या सिलिंडरला ढिला केल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो आधीपासूनच काम करत नाही. मग त्या सिलिंडरचं नोझल काढून, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, टायरच्या कॉम्प्रेसरची हवा आत सोडा. ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवा आणि ब्रेक लावा, नाहीतर हवेने इंजिन फिरतं आणि हाताला लागतं. मग कान लावा. सायलेन्सरमधून हवा येत असेल तर एक्झॉस्ट वाल्व. एअर क्लीनरमधून येत असेल तर इनलेट. ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा आणि लायनर. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट फाटलंय किंवा हेडला तडा आहे, आणि मग आपली सगळी चर्चाच बदलते. या एका तपासात दीड तास जातो, पण अंदाजाने हेड उतरवायची गरज राहत नाही.

हेड उतरलं की जळालेला वाल्व फेकू नका, हातात घेऊन वाचा. कडेचा एकच तुकडा करवतीने कापल्यासारखा गेला असेल तर गळती एका जागी होती: वाल्व किंचित वाकडा, सीट वाकडी किंवा कार्बनचा कण मध्ये. पूर्ण कड सगळीकडून सारखीच पातळ आणि फिकट झाली असेल तर उष्णता किंवा घट्ट टॅपेट. दांड्याच्या एकाच बाजूला झीज असेल तर गाइड गेलेलं आहे. वाल्व थोडा वर उचलून गाइडमध्ये हलवा. ठळक हलला तर नवं गाइड टाकल्याशिवाय सीट कापूच नका, कारण सीटचा कटर गाइडच्या आधारानेच फिरतो. ढिल्या गाइडवर कापलेली सीट कधीच मध्यावर येत नाही. ग्राइंडिंगच्या वेळी ती बरोबर दिसते, गाडी चालली की वाल्व दुसरीकडेच टेकतो.

सीटची पट्टीही बघा. एक्झॉस्टला साधारण दीड ते दोन मिलिमीटर रुंद, सगळीकडून सारखी करडी हवी. फार बारीक असेल तर उष्णता जायला जागा पुरत नाही, फार रुंद असेल तर कार्बन साचतो. पुन्हा पुन्हा ग्राइंड करून वाल्व हेडमध्ये खोल गेला असेल तर कॉम्प्रेशन कमी होतं, सकाळी सुरू व्हायला त्रास त्यामुळेही होतो. खोली पुस्तकातल्या मर्यादेबाहेर असेल तर नवी सीट रिंग लेथवाल्याकडून बसवून घ्या. पण तिथे स्वतः उभे राहा. ती रिंग हेड गरम करून, रिंग गार करून, जोराने बसली पाहिजे. हाताने ठोकून सहज बसली तर ती हेडच्या लोखंडाला घट्ट चिकटत नाही. मध्ये हवेचा पडदा राहतो आणि उष्णता पुन्हा अडते. तुमच्या एका दुरुस्तीत सीट बदलली होती का, आणि ती कशी बसवली, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

हेड उघडं असताना दोन वाल्वांच्या मधला भाग घासून स्वच्छ करा आणि भिंगाने बघा. गरम इंजिनात थंड पाणी ओतलं की तडा तिथेच जातो. तडा पाण्यापर्यंत गेला असेल तर हेड बदलायचं, त्याला दुसरा उपाय नाही. तडा नसेल, हेडचा चेहरा सरळपट्टी लावून सरळ असेल आणि सीट नीट बसत असेल, तर तेच हेड साफ करून वापरा. आतला क्षार काढायला जोरदार ॲसिड टाकू नका, ते लोखंड आणि पाण्याचा पंपही खातं. टोप्या काढून पोखरा, सायट्रिक ॲसिडच्या सौम्य पाण्यात ठेवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि भरपूर साध्या पाण्याने धुवा. ब्लॉकलाही तसंच करा, रेडिएटर वेगळा साफ करून घ्या. जोडताना आरओचं किंवा पत्र्यावरून साठवलेलं पावसाचं पाणी आणि चांगलं कूलंट निम्मं-निम्मं भरा. वर्षभरात लागणाऱ्या पाण्याचा खर्च तुमच्या एका गॅस्केटपेक्षा नक्की कमी आहे.

हेडचे बोल्ट मधून बाहेर, पुस्तकातल्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने आवळा. गरम करून गार झाल्यावर पुस्तक सांगत असेल तर पुन्हा आवळा. टॅपेट लावा. दहा-वीस तास हलकं काम करा, नांगरणीला लगेच जुंपू नका. मग झाकण काढून टॅपेट पुन्हा बघा. पुन्हा पन्नास तासांनी बघा. दर वेळी प्रत्येक वाल्वची गॅप किती भरली ते मडगार्डच्या आतल्या बाजूला पेंटने लिहून ठेवा. तिसऱ्या एक्झॉस्टची गॅप इतरांपेक्षा झपाट्याने कमी होताना दिसली, तर जळण्याच्या आधीच तुम्हाला कळेल की तो वाल्व सीटमध्ये उतरतोय.

ब्लॉकच्या कॉकमधून काय निघालं, आणि जळालेला वाल्व हातात घेतल्यावर तो कसा दिसला, हे दोन्ही कळवा. त्यानंतर हेड बदलायचं का याचं उत्तर मी ठामपणे देऊ शकेन.